ऐसपैस गाडी आणि आरामाची गाडी

मुंबईची जुनी काळीपिवळी पद्मिनी मोठी की आजची टॅक्सीवाली वॅगन आर? बहुतेक जण पद्मिनी म्हणतील. लांबी मोजली तर ते बरोबरही आहे: पद्मिनी सुमारे ३.९ मीटर, वॅगन आर ३,६५५ मिलिमीटर. वीतभर फरक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, बघितला की पारडं फिरतं. पद्मिनीचा २,३४० मिलिमीटर, वॅगन आरचा २,४३५. माणसं बसतात ती साधारण या दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात, त्यामुळे लांबीपेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

मग पद्मिनीची लांबी गेली कुठे? पुढे उभ्या बसवलेल्या इंजिनात आणि मागे डिकीत. शिवाय इंजिनाची ताकद मागच्या चाकांना द्यायची म्हणून मधून लांबलचक शाफ्ट आणि त्याच्यासाठी फरशीवर उंचवटा. मधल्या माणसाने पाय ठेवायचे कुठे हा त्याचा प्रश्न. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' आणली, तेव्हा इंजिन आडवं केलं आणि पुढची चाकं चालवली. गाडी जेमतेम दहा फूट, पण फरशीचा सुमारे ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. आजची जवळजवळ प्रत्येक छोटी गाडी तोच हिशेब चालवते. वॅगन आरने त्यात उंची घातली, १,६७५ मिलिमीटर. माणूस ताठ बसला की पाय समोर पसरण्याऐवजी खाली जातात आणि तेवढ्याच लांबीत गुडघे मोकळे राहतात.

सरकारी करानेही या मापांत हात घातलाय. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला कमी कर लागतो. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत हा फरक १८ आणि ४० टक्के असा आहे. २०१२ साली डिझायर ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर आली ती त्यामुळेच. गंमत म्हणजे कात्री डिकीला लागली. व्हीलबेस उलट २,३९० वरून २,४३० झाला. गाडी छोटी झाली, बसणाऱ्याचं काही गेलं नाही.

हे झालं जागेचं. आराम ही वेगळी गोष्ट, आणि खरेदीच्या वेळी नेमकी इथेच गल्लत होते. पद्मिनीच्या सोफ्यासारख्या मागच्या सीटची आठवण काढणारे जागेबद्दल चुकतात, आरामाबद्दल नाही. मांडीला पूर्ण आधार देणारी लांब गादी, जाड पाठ, थोडी मागे कललेली बैठक, हे सगळं जागा खातं. गादी चार-पाच सेंटिमीटर आखूड करा, पुढच्या सीटची पाठ पातळ करा. लगेच गुडघ्यासमोर मोकळी जागा दिसते. शोरूममध्ये गिऱ्हाईक तिथे मूठ घालून बघतं आणि खूश होतं. पुण्याहून कोल्हापूर येईपर्यंत मांड्या अधांतरी राहिल्याने कंबर धरते, पण तोवर चेक वटलेला असतो. मऊ गादीचंही तसंच. पहिली दहा मिनिटं ती छान वाटते, मग फोम दबतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. लांबच्या प्रवासाला जरा कडक सीटच बरी.

मोठ्या गाड्यांतही हाच घोळ आहे. फॉर्च्युनर ४,७९५ मिलिमीटर, इनोव्हा क्रिस्टा ४,७३५. व्हीलबेस २,७४५ आणि २,७५०, म्हणजे सारखाच. तरी मागे बसायचं असेल तर मी डोळे मिटून इनोव्हा घेईन. फॉर्च्युनर खडकांवरून न्यायची म्हणून तिची फरशी बरीच उंच, पण टप त्या मानाने वर गेलेला नाही: १,८३५ विरुद्ध १,७९५. फरशी आणि सीट यांतलं अंतर कमी झालं की गुडघे वर येतात, मांड्या हवेत. तिसऱ्या रांगेत तर उकिडवं बसल्यासारखंच वाटतं. भारदस्त गाडी आहे, रस्त्यावर मान मिळतो. तो चालवणाऱ्याला मिळतो, एवढंच. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना त्या पायरीवर चढवून पाहा. वॅगन आरची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते: वाकायला नको, चढायलाही नको.

मग मोठी गाडी कशासाठी? रुंदीसाठी. वॅगन आर १,६२० मिलिमीटर, क्रिस्टा १,८३०. मागे तिघं मोठी माणसं बसणार असतील तर खांद्याला मिळणारा हा फरक कुठल्याही डिझाइनच्या करामतीने भरून निघत नाही. लांब व्हीलबेसची गाडी खड्ड्यात कमी डोलते, हाही खरा फायदा. मात्र तिसऱ्या रांगेला त्याचा उपयोग फारसा नाही, कारण ती मागच्या आसावरच बसलेली असते.

गाडी बघायला जाल तेव्हा पुढची सीट तुमच्या उंचीला लावा आणि मग स्वतःच्याच मागे जाऊन बसा. पंधरा-वीस मिनिटं, बुटांसकट. मूठ गुडघ्यासमोर नको, मांडीखाली घालून बघा. आरामात आत गेली तर गादी आखूड आहे किंवा बैठक फार खाली. मधल्या जागेवर घरातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला बसवा, सेल्समन काहीही म्हणो. सात सीटची गाडी असेल तर तिन्ही रांगा उभ्या ठेवून डिकी उघडा. गणपतीला गावी निघालेल्या सातही जणांच्या बॅगा तिथे मावत नसतील, तर टपावरच्या कॅरियरचा खर्चही किमतीत धरा.