हद्दपारीचा एक खटला आणि काँग्रेसच्या हातून सुटलेला लगाम

१६ डिसेंबर १९७५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेचे, म्हणजे तिथल्या काँग्रेसचे, अधिवेशन संपत आले होते. प्रतिनिधीगृहापुढे एक ठराव आला: सहा परदेशी नागरिकांना अमेरिकेत कायमचे राहू देऊ नये. ठरावाची छापील प्रत सभासदांना मिळालेली नव्हती. त्यावर चर्चा झाली नाही, कोणी कोणत्या बाजूने मत दिले याचीही नोंद झाली नाही. ठराव मंजूर झाला. त्या सहा जणांत एक नाव होते जगदीश राय चढ्ढा.

राष्ट्राध्यक्ष परस्पर आणीबाणी जाहीर करतात, काँग्रेसने नाकारलेला पैसा दुसरीकडून वळवतात, तरी काँग्रेसला त्यांना आवरता का येत नाही, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. उत्तराचा एक धागा या ठरावाशी येऊन थांबतो.

चढ्ढा यांचे आईवडील भारतीय, जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये ते विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले आणि ओहायो राज्यात शिकले. १९७२ मध्ये व्हिसाची मुदत संपली, तेव्हा परतायचे कुठे हाच प्रश्न होता. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी झाली. सात वर्षांहून अधिक वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि हद्दपार केल्यास होणारे अतोनात हाल, या तिन्ही कसोट्यांवर न्यायाधीशाने हद्दपारी स्थगित केली. प्रकरण मिटले असे कोणालाही वाटले असते. पण कायद्यात एक तरतूद होती: अशा प्रत्येक स्थगितीची यादी काँग्रेसकडे जायची आणि प्रतिनिधीगृह किंवा सिनेट या दोनपैकी कोणतेही एक सभागृह नुसत्या ठरावाने ती रद्द करू शकायचे. ३४० नावांच्या यादीतून त्या वेळी सहा नावे वगळली गेली. ती का वगळली हे सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते.

या तरतुदीला ‘विधिमंडळाचा नकाराधिकार’ म्हणत. तिचा उगम १९३२ मधला. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना सरकारी खात्यांची फेररचना करायची होती. काँग्रेसने अधिकार दिला, पण एका सभागृहाने नापसंती दाखवली तरी योजना बारगळेल, अशी अट घातली. पुढच्याच वर्षी जानेवारीत प्रतिनिधीगृहाने हूवर यांची योजना फेटाळलीसुद्धा. सौदा दोघांच्याही सोयीचा होता. राष्ट्राध्यक्षांना मोकळा हात मिळे आणि दोरीचे टोक काँग्रेसकडे राही. परदेशी नागरिकांच्या बाबतीतही तेच झाले. पूर्वी एकेका माणसाची हद्दपारी टाळण्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र विधेयक आणावे लागे. ते काम तिने प्रशासनावर सोपवले आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला.

व्हिएतनाम युद्ध आणि राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीनंतर या दोरीवर फारच भार पडला. १९७३ चा युद्धाधिकारांचा ठराव निक्सन यांचा व्हेटो, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा नकार, मोडून मंजूर झाला. राष्ट्राध्यक्षांच्या संमतीविना, दोन्ही सभागृहांच्या ठरावाने सैन्य परत बोलावता येईल, असे त्यात लिहिले होते. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यातही आणीबाणी संपवण्याची हीच वाट ठेवली होती. राष्ट्राध्यक्षांना प्रचंड अधिकार देताना काँग्रेसला धीर होता तो या एका कलमाचा.

पण राज्यघटना काय म्हणते? पहिल्या अनुच्छेदाच्या सातव्या कलमानुसार विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते आणि मग राष्ट्राध्यक्षांकडे जावे लागते. त्यांनी व्हेटो वापरला तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना जेम्स मॅडिसन यांनी एक शंका काढली होती: व्हेटो फक्त ‘विधेयका’ला लागू ठेवला, तर काँग्रेस कायद्यालाच ‘ठराव’ असे नाव देऊन तो चुकवेल. म्हणून ठरावांसाठी वेगळे वाक्य घातले गेले. १९७५ चा तो ठराव पाहिला की ही शंका किती नेमकी होती ते कळते.

चढ्ढा न्यायालयात गेले. मजेची गोष्ट अशी की त्यांना हद्दपार करायचे काम ज्या इमिग्रेशन खात्याचे, तेही तरतूद घटनाबाह्य आहे असेच म्हणाले. विरोधात उभी राहिली ती काँग्रेसची सभागृहेच. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी चढ्ढा यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा युक्तिवाद सरळ होता: एका माणसाचे हक्क बदलणारी कृती हा कायदाच, आणि कायद्याला दोन्ही सभागृहे आणि राष्ट्राध्यक्ष यांची वाट चुकवता येत नाही.

न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे विरोधी मत मला आजही जास्त अस्वस्थ करते. जवळपास २०० कायद्यांतील अशा तरतुदी एका फटक्यात गेल्या, असे त्यांनी दाखवून दिले. काँग्रेसपुढे आता दोनच मार्ग उरतात, असे त्यांचे म्हणणे: प्रत्येक बारकावा स्वतः कायद्यात लिहा, नाहीतर अधिकार देऊन टाका आणि विसरा. चढ्ढा यांना न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण निकालाने फक्त दोरी कापली. तिच्या भरवशावर दिलेले अधिकार राष्ट्राध्यक्षांकडेच राहिले.

१९८५ मध्ये आणीबाणी कायदा दुरुस्त झाला. आता आणीबाणी संपवायची तर संयुक्त ठराव हवा आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही हवी. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली, त्याचीच संमती. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले, तेही आणीबाणी जाहीर करून १९७७ च्या एका कायद्याच्या आधारे.

या व्यवस्थेची पहिली खरी परीक्षा २०१९ मध्ये झाली. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद राहिले, तरी काँग्रेसने १.३७५ अब्जच दिले. १५ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली. ती रद्द करणारा ठराव प्रतिनिधीगृहात २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. सिनेटमध्ये तर त्यांच्याच पक्षाचे १२ जण विरोधात गेले. १५ मार्चला ट्रम्प यांनी व्हेटो वापरला. २६ मार्चला प्रतिनिधीगृहात तो मोडण्याचा प्रयत्न झाला: बाजूने २४८, विरोधात १८१. दोन तृतीयांशाला ३८ मते कमी पडली. सप्टेंबरमध्ये लष्करी बांधकामांचे ३.६ अब्ज डॉलर भिंतीकडे वळले.