तीन शेपट्यांचं पिल्लू: मेफ्लाय की टाचणी?

सह्याद्रीतल्या ओढ्यात खळाळत्या पाण्यातला एखादा दगड उलटा केला, की त्याच्या ओल्या पोटावर बोटाच्या पेराहून लहान किडे सैरावैरा पळतात. सहा पाय, मागे तीन शेपट्या. पुष्कळ जण त्याला बेधडक टाचणीचं (चतुरासारखा पण सडपातळ कीटक, इंग्रजीत डॅम्सेलफ्लाय) पिल्लू म्हणून मोकळे होतात, पण बहुतेक वेळा ते मेफ्लाय या दुसऱ्याच उडत्या कीटकाचं असतं. टाचणीची पिल्लं हवी असतील तर काठाच्या गवताळ, संथ पाण्यात जाळी फिरवावी.

दोन्ही पिल्लं पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात सोडा आणि भिंगातून बघा. मेफ्लायच्या शेपट्या केसासारख्या बारीक असतात. टाचणीच्या चपट्या, पानासारख्या, आत शिरांचं जाळं असलेल्या. या पात्या म्हणजे तिचे कल्ले. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात आणि बऱ्याच जातींत ते सतत थरथरताना दिसतात. तरीही शंका राहिली तर पिल्लू हलकेच उताणं करा. टाचणीचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे जाऊन तिला पकडतो. मेफ्लायकडे असलं काही नसतं. त्यांच्यातल्या बहुतेक जाती दगडावरचं शेवाळ नाहीतर कुजलेला पाचोळा खातात. नुसत्या शेपट्या मोजून मात्र निवाडा करू नका. टाचणीची एखादी पाती तुटलेली असू शकते, आणि काही मेफ्लायना मुळात दोनच शेपट्या असतात.

आता पाण्याचं. हेप्टाजेनिडी कुळातल्या चपट्या, दगडाला बिलगून राहणाऱ्या मेफ्लायना भरपूर प्राणवायू लागतो. १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू आहे तोही संपवत जातात, आणि ही पिल्लं लवकर नाहीशी होतात. सेनॅग्रिओनिडी कुळातल्या कितीतरी टाचण्या तिथेही तग धरतात.

पण एवढ्यावरून ‘मेफ्लाय म्हणजे स्वच्छ पाणी, टाचणी म्हणजे घाण’ हे समीकरण मला मान्य नाही. पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवणाऱ्या ब्रिटनच्या मूळ बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत (कूळ प्रदूषणाला जितकं नाजूक, तितके गुण जास्त) हेप्टाजेनिडीला १० गुण आहेत, पण बीटिडी या मेफ्लायच्याच दुसऱ्या कुळाला ४, आणि सेनॅग्रिओनिडी टाचण्यांना ६! बीटिडीतली क्लोइऑन साचलेल्या पाण्यातही वाढते. उलट फक्त पश्चिम घाटात सापडणारी युफिया फ्रेजरी ही टाचणी जंगलातल्या वाहत्या ओढ्यांवर जगते. तिच्या कुळातल्या पिल्लांना पोटाच्या कडांनाही कल्ले असतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

तेव्हा नोंदवहीत नुसतं ‘मेफ्लाय’ किंवा ‘टाचणी’ न लिहिता कूळ लिहा, आणि पिल्लू दगडाखाली मिळालं की गवतात, हेही. पुरानंतर लगेच मोजणी नको. पुराच्या लोंढ्यात किडे वाहून गेलेले असतात. ते कमी दिसले म्हणून पाणी प्रदूषित आहे असं म्हणता येत नाही.