‘एवढं जरा सरकवा’: चालू बांधकामातले बदल आणि वास्तुविशारदाची जोखीम

गोव्यातले जुने घर बदल सहज पचवत असे. जाड चिऱ्यांच्या भिंती, चुन्यातले किंवा मातीतले बांधकाम, वर लाकडी वासे आणि मंगळुरी कौले. कुटुंब वाढले की मागे एक खोली जोडायची, भिंत फोडून दार काढायचे आणि वर लाकडी पाट टाकायचा. मेस्त (गवंडी) दोरी लावून जमिनीवर फक्कीची रेघ ओढायचा, तोच नकाशा. काम रोजंदारीवर असले की बदलाची किंमत म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि थोडे चिरे. भिंतीचे वजन थेट पायावर उतरत असल्याने एका कोपऱ्यातला बदल बहुधा त्याच कोपऱ्यात राहायचा.

मुक्तीनंतरच्या दशकांत आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, सांगाडा रूढ झाला आणि हा हिशेब मोडला. सांगाड्यात कोणते वजन कुठल्या तुळईवरून कुठल्या खांबावर जाणार, हे पाया खणण्याआधी ठरते. मालकांची सवय मात्र जुन्या घराचीच राहिली. 230 मिमी जाड आणि 3 मीटर उंच चिऱ्याची भिंत, घनमीटरला सुमारे 2000 किलो धरले, तर मीटरमागे जवळपास 1400 किलो भरते. 150 मिमीच्या एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) तीच भिंत 300 किलोच्या आत बसते. म्हणजे ‘इथे एक पार्टिशन घाला’ या मागणीला भिंत कशाची आणि तिच्याखाली तुळई आहे का, हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. तुळई नसेल तर स्लॅब झोल खातो, भिंतीला तिरक्या भेगा पडतात, आणि त्या दिसतात रंगकाम झाल्यावर.

गच्चीवर मागाहून सुचलेला पोहण्याचा तलाव ही आजची आवडती मागणी. 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल तलावात नुसते पाणीच 21.6 टन. घरातल्या खोलीच्या स्लॅबला वापराचा भार चौरस मीटरला 200 किलो धरतात. इथे पाण्याचाच 1200 किलो होतो. खांब आणि पाया आधीच ओतलेले असतील, तर या मागणीला ‘नाही’ म्हणणे हेच वास्तुविशारदाचे काम आहे.

पैशांचा वाद याहून जुना. उक्त्या कामात बदलाचे पैसे कोणी द्यायचे, याचे स्पष्ट उत्तर फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेत, कलम 1793 मध्ये आहे. ठरलेल्या नकाशाप्रमाणे उक्ते काम घेतलेल्या वास्तुविशारदाला किंवा ठेकेदाराला बदलापोटी जादा पैसे मागता येत नाहीत. बदलाला लेखी परवानगी हवी आणि किंमतही मालकाशी ठरलेली हवी. ब्रिटनमध्ये हीच गोष्ट करारातल्या अटींतून घट्ट झाली. 1878 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, थार्सिस या बांधून घेणाऱ्या कंपनीचे प्रकरण आले. ठरलेल्या जाडीच्या लोखंडी तुळया ओतणे जमेना, म्हणून ठेकेदाराने जाड तुळया ओतू देण्याची विनंती केली आणि अभियंत्याने ती मान्य केली. मधल्या बिलांच्या प्रमाणपत्रांतही जादा वजन धरले गेले. तरी जादा वजनाच्या पैशांचा ठेकेदाराचा दावा फेटाळला गेला. ‘करा’ असा लेखी हुकूम वेगळा आणि ‘चालेल’ अशी मुभा वेगळी. साइटवर हा फरक आजही रोज विसरला जातो.

भारतात 1872 चा करार कायदा आला आणि त्याच्या कलम 70 ने उलट बाजूही धरली: फुकट करायचा हेतू नसलेले काम दुसऱ्याने स्वीकारून वापरले, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध मोंडल या खटल्यात, 1961 च्या डिसेंबरात, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने हे कलम लावले. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने बांधकाम केले होते. रीतसर करार नव्हता, तरी सरकारला पैसे द्यावे लागले. मुक्तीनंतर केंद्राचे कायदे टप्प्याटप्प्याने गोव्याला लागू झाले. आता तोंडी सांगितलेल्या कामाचे बिल मालकाच्या दारात येऊ शकते, आणि मालक पहिला प्रश्न विचारतो तो वास्तुविशारदाला: ‘हे करायला सांगितले कोणी?’ करारात तसा अधिकार दिलेला नसेल, तर मालकाच्या वतीने जादा काम सांगण्याचा हक्क वास्तुविशारदाला नाही.

1972 च्या वास्तुविशारद कायद्याने व्यवसायाला नोंदणी आणि परिषद मिळाली. खर्चावर परिणाम करणारा बदल ग्राहकाच्या पूर्वसंमतीशिवाय करू नये, हा दंडक परिषदेच्या नमुना अटींतही आहे. रोजच्या कामात तो एका बदलपत्रात उतरतो: मागणी कोणाची, तारीख काय, कोणत्या ड्रॉइंगची कितवी सुधारणा, कुठले काम वाढले, कुठले वगळले, परिमाण, दर, किती दिवस वाढणार, स्ट्रक्चरल अभियंत्याची सही, परवानगीवर होणारा परिणाम आणि शेवटी मालकाची सही. त्यानंतरच ठेकेदाराला साइट ऑर्डर. नवे ड्रॉइंग साइटवर गेले की जुने परत आणायचे. भिंतीला दोन्ही चिकटलेली राहिली तर मेस्त हाताला लागेल ते वाचतो. दिवसांचा रकाना गोव्यात सर्वांत महाग ठरतो. एप्रिलमधला पंधरा दिवसांचा बदल स्लॅबला जूनमध्ये ढकलतो, आणि पावसात सेंटरिंगचे (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याचे आणि टेकूंचे) भाडे चालू, काम बंद.

बाथरूम सरकवायचे असेल तर स्लॅब ओतण्याआधी सांगितलेले परवडते. तेव्हा साधारण 300 मिमी खाली घेतलेला सनकन भाग आणि पाइपसाठी सोडायचे स्लीव्ह (नळ्या) हलवून भागते. ओतल्यावर मात्र कोअर कटरने भोक पाडणे, तुळईची सळई कापली जाण्याची भीती आणि खालच्या छताला गळती, असे सगळे एकदम येते.

मग परवानगी. 1974 चा नगर आणि ग्राम नियोजन कायदा, 1994 चा पंचायत राज कायदा आणि 2010 ची बांधकाम नियमावली यांमुळे मंजूर आराखड्याला स्वतःचे वजन आले. किनारी भागात 1991 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे तुलनेने मोकळ्या, बहुधा ग्रामीण, क्षेत्रात भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास पट्टा ठेवला, आणि 200 ते 500 मीटरमध्ये उंचीला 9 मीटर व तळमजला अधिक एक मजला अशी मर्यादा घातली. उंचीची अशी मर्यादा असलेल्या जागी जिन्यावरची खोली थोडी उंच केली तरी भोगवटा दाखला अडकू शकतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला सही करून देणारा व्यावसायिकच असतो, म्हणून सुधारित आराखडा मंजूर होण्याआधी तो भाग उभा राहू न देणे हे त्याच्याच हिताचे.

फ्लॅटच्या प्रकल्पांत 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचे कलम 14 आणखी कडक आहे. किरकोळ बदलाला त्यात वाट आहे. पण भिंत, तिचा भाग, खांब किंवा तुळई कापणे त्या व्याख्येत किरकोळ धरलेले नाही. एका फ्लॅटधारकाच्या हौसेसाठी इमारतीच्या किंवा सामायिक जागेच्या आराखड्यात फेर करायचा, तर प्रवर्तक (बिल्डर) सोडून दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. स्वतःच्या बंगल्याला हे कवच नाही. तिथे करार लिहिला असेल तेवढेच संरक्षण.

आता मालक मुंबईत, दुबईत किंवा लिस्बनमध्ये असतो आणि बदल व्हॉट्सअ‍ॅपवर थेट मेस्तला जातो, कधी नुसता फोटो आणि बाण. मूळ फोन हजर न करता अशा संदेशाची प्रत पुरावा म्हणून मांडायची तर प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोतकर प्रकरणात पक्के केले. पुराव्याच्या नव्या कायद्यात, भारतीय साक्ष अधिनियमातही, ती अट कायम आहे. म्हणून संदेश आला त्याच दिवशी बदलपत्र ईमेलने पाठवायचे आणि मालकाचे ‘मंजूर’ लेखी येईपर्यंत त्या भागाची सेंटरिंग आहे तशी ठेवायची.