‘नसबंदी’त नस बांधतं कोण?

कुत्र्यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात त्या शस्त्रक्रियेची नावं किती: पालिकेच्या पत्रात ‘श्वान निर्बीजीकरण’, फोनवर ‘नसबंदी’, दवाखान्याच्या कार्डावर ‘स्पे’ (मादीचं) नाहीतर ‘कॅस्ट्रेशन’ (नराचं), आणि बातमीत मधूनच ‘निर्जंतुकीकरण’. यातलं शेवटचं तर सरळ चूक. निर्जंतुक करतात ती कात्री आणि चिमटे, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर, कुत्रा नव्हे. इंग्रजीत दोन्हींना ‘स्टरिलायझेशन’ हा एकच शब्द असल्यामुळे बातमी घाईत उतरवताना हा घोटाळा होतो.

मराठीतले जुने शब्द गोठ्यातले: खच्ची करणे, बडवणे. खोंडाच्या अंडांकडे जाणारे दोर लाकडात धरून ठेचायचे, म्हणून ‘बडवलेला बैल’. पुढे इटलीतला बर्डिझो चिमटा आला. तो कातडी न फाडता दोर आतल्या आत चेपतो. मात्र दोन्ही बाजूंचे दोर वेगवेगळे आणि थोडे वरखाली दाबावे लागतात. एका रेषेत दाबले तर अंडांच्या पिशवीचा रक्तपुरवठा तुटून कातडी सडते. हे सगळे शब्द नराचेच. गाय पाळायची ती वेतासाठी, तिचं असं काही करायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे कुत्री-मांजरीवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तेव्हा गोठ्यातला शब्द अपुरा पडला. शिवाय ‘खच्चीकरण’ तोवर राजकारणाने पळवलं होतं. आज ते कार्यकर्त्यांचंच जास्त होतं.

मग हाताशी आला तो ‘नसबंदी’, माणसांच्या कुटुंबनियोजनातला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते तिथेच राहिलं. इतका घरोघरी पोचलेला शब्द प्राण्यांना लागू होणं साहजिकच होतं. पण पुरुषाच्या नसबंदीत फक्त वीर्यवाहिनी बंद करतात, अंड जागेवर राहतं. कुत्र्याची दोन्ही अंडं काढून टाकतात. कुत्रीची दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढतात, कारण नुसत्या नळ्या बांधल्या तर ती माजावर येतच राहणार, नर गोळा होणार, भांडणं होणार, आणि गर्भाशयात पू होण्याचा धोकाही तसाच राहणार.

भटक्या कुत्र्यांचं हे काम पद्धतशीर मांडलं मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिकल्याण संस्थेने, १९६४ पासून. तिथल्या महापालिकेने ते १९९६ मध्ये उचललं. मुंबईत मारण्याऐवजी शस्त्रक्रियेचा मार्ग १९९८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पक्का झाला. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, ‘ॲनिमल बर्थ कंट्रोल’ या नावाने, आणि ‘एबीसी’ हा शब्द कामगारांच्या तोंडी बसला. २०२३ मध्ये नवे नियम आले, नाव तेच राहिलं. रस्त्यावर मात्र कुणी एबीसीही म्हणत नाही. ‘कान कापलाय का बघ’ एवढंच विचारतात, कारण शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून भूल असतानाच कानाच्या कडेला खाच पाडतात.

सरकारी मराठीतला ‘निर्बीजीकरण’ बोजड आहे, पण अचूक आहे: बीजच काढलं. एबीसी केंद्रावर याचा रोकडा पुरावा असतो. काढलेले अवयव फॉर्मेलिनच्या (सडू न देणाऱ्या द्रावणाच्या) बादलीत जपून ठेवतात आणि तपासणीला मोजतात. नरामागे दोन अंडं, मादीमागे दोन अंडाशयांसह गर्भाशय. नस नुसती बांधली असती तर मोजणार काय?

दत्तकपत्रावर ‘नसबंदी: होय’ एवढंच लिहिलेलं असलं की पुढे अडतं. सहा महिन्यांनी कुत्री पुन्हा माजावर आली तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते (उजवं अंडाशय जास्त पुढे, खोल असतं, म्हणून बरेच सर्जन उजव्या कुशीतून शिरतात). पण मुळात काय काढलं होतं याचीच नोंद नसते. नराचं एक अंड पोटातच अडकलेलं असेल आणि खालचं तेवढंच काढलं असेल, तर कागदावर ‘झाली’ असलेला तो कुत्रा हुंगत फिरत राहतो. म्हणून ‘दोन्ही अंडाशयं व गर्भाशय काढले’ किंवा ‘दोन्ही अंडं काढली’ असं लिहावं, सोबत तारीख. नराच्या बाबतीत तारीख विशेष महत्त्वाची: नळ्यांत उरलेल्या शुक्राणूंमुळे नंतरचे काही आठवडे त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवावं लागतं.