दर फेरीला बारा खांब

तिसऱ्या फेरीनंतर माझं विणकाम टेबलावर सपाट बसेना. मधला भाग टेकायचा आणि कडा चारी बाजूंनी वर यायच्या, अगदी आमटीच्या वाटीसारख्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा विकतचं वाण लुटायचं नाही, आपल्या हातचे छोटे बटवे द्यायचे, असं ठरवून मी आत्याकडे क्रोशा शिकायला बसले होते. तिने ती वाटी हातात घेतली, अंगठ्याने कड चाचपत खांब मोजले आणि म्हणाली, "बत्तीसच भरले. छत्तीस हवेत. दर फेरीला बारा वाढव, आपोआप बसेल."

"बाराच का गं?"

"मुक्या खांबाला सहा, खांबाला बारा. तसंच असतं ते."

हे "तसंच असतं" काही मला झोपू देईना. रात्री फूटपट्टी घेऊन बसले. ज्यांनी क्रोशाची सुई कधी धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोऱ्याच्या एका फासातून दुसरा फास ओढला की साखळी होते. मुका खांब हा बुटका टाका, आणि सुईवर आधी एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका म्हणजे खांब. माझ्या हातचे दहा खांब शेजारी शेजारी तीन सेंटीमीटर भरले, म्हणजे एका खांबाची रुंदी तीन मिलिमीटर. उंची निघाली सहा मिलिमीटर, रुंदीच्या बरोब्बर दुप्पट.

आता शाळेतली भूमिती. वर्तुळाचा परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या, आणि पाय म्हणजे साधारण ३.१४. खांबांची एक फेरी घातली की त्रिज्या सहा मिलिमीटरने वाढते. मग परीघ वाढायला हवा सहाच्या ६.२८ पट, म्हणजे ३७.७ मिलिमीटर. एक खांब तीन मिलिमीटर जागा घेतो, तेव्हा खांब हवेत १२.५७. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी, म्हणून तिथे हाच आकडा निम्मा होतो, ६.२८. आत्याचे सहा आणि बारा इथून आलेत. तिच्या तोंडात जो नियम बसला आहे तो पाय या संख्येचाच आहे, फक्त दशांश चिन्हाच्या पुढचं सोडून दिलेलं.

ते सोडलेलं जातं कुठे? माझ्या बटव्याचा तळ पाच फेऱ्यांचा: १२, २४, ३६, ४८, ६०. मधलं बारीकसं कडं सोडलं तर त्रिज्या तीन सेंटीमीटर, म्हणजे परीघ हवा १८.८५ सेंटीमीटर. साठ खांबांचे होतात १८. साडेआठ मिलिमीटर कमी पडतात, पण ते साठ खांबांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा सातवा भागही येत नाही. प्रत्येक खांब तेवढा ताणला जातो आणि तळ सपाट बसतो. मी मात्र एकाच फेरीत चार खांब चुकवले होते. तेवढं काही दोऱ्याने सांभाळून घेतलं नाही.

वाढवण्याची रीतही साधी आहे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात, म्हणजे खालच्या फेरीच्या प्रत्येक टाक्यात, दोन खांब, तिसरीत एकाआड एक घरात दोन, चौथीत दर तिसऱ्या घरात, पाचवीत दर चौथ्या. फक्त वाढीची घरं प्रत्येक फेरीत एकमेकांच्या डोक्यावर येऊ देऊ नयेत. आली तर गोलाला कोपरे फुटतात आणि तळ बारा बाजूंचा दिसायला लागतो.

साठ खांब झाल्यावर आत्या म्हणाली, "आता वाढ बंद." सहाव्या फेरीत साठावर साठच घातले आणि कड उभी राहिली. तशाच बारा फेऱ्या घातल्या की सव्वासात सेंटीमीटर उंचीची भिंत तयार. सगळ्यात आश्चर्य मला या भिंतीचं वाटलं. डोळ्यांना ती गोल दिसते, पण गणिताच्या भाषेत ती तळाइतकीच सपाट आहे! कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये दाखवलं, की पृष्ठभागाची अस्सल वक्रता तो नुसता वाकवून बदलत नाही, त्यासाठी ताणावंच लागतं किंवा फाडावं लागतं. वहीच्या कागदाची सुरळी करताना कागद ना ताणला जातो ना फाटतो, म्हणून सुरळी सपाटच. संत्र्याची साल मात्र टेबलावर दाबली की तडकते, कारण तिच्यात खरी वक्रता आहे. बटव्याचा तळ सपाट, भिंत सपाट, मग वक्रता गेली कुठे? सगळीच्या सगळी त्या एका फेरीत आहे, जिथे आपण वाढ थांबवली. तळाच्या कडेवरून बोट फिरवलं की ती हाताला लागते.

खांब कमी पडले तर वाटी होते, हे झालं. जास्त झाले तर? कड मावत नाही, खालीवर हेलकावे घेते आणि झालर होते. पापड लाटताना कडेकडेने लाटणं जास्त फिरलं की कड अशीच लाटालाटांची होते. मध्यापेक्षा कडेचं द्रव्य जास्त पसरलं, त्याला सपाट राहायला जागा उरली नाही. कोंबड्याच्या फुलाचा तुरा असाच, कडेची वाढ मधल्यापेक्षा जोरात झालेला.

या झालरीने गणिताचं एक मोठं काम केलं आहे. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते, असं आपण युक्लिडच्या भूमितीत शिकतो. एकोणिसाव्या शतकात हंगेरीचा यानोश बोल्याई आणि रशियाचा निकोलाय लोबाचेव्स्की या दोघांनी स्वतंत्रपणे अशी भूमिती मांडली, जिथे त्या बिंदूतून पहिलीला कधीही न भेटणाऱ्या कितीतरी रेषा जातात. कागदावर ती पटायची, हातात मात्र धरता येत नव्हती. विल्यम थर्स्टन या अमेरिकन गणितज्ञाने कागदाच्या वक्र पट्ट्या चिकटवून तिची प्रतिकृती करण्याची युक्ती काढली, पण ती फार नाजूक, हाताळली की फाटायची. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या डायना टाइमिन्या यांनी हेच पृष्ठ क्रोशाने विणलं. रीत आपल्या तळासारखीच, फरक एवढाच की फेरीला ठरावीक खांब वाढवायचे नाहीत, ठरावीक प्रमाणात वाढवायचे. समजा दर पाच टाक्यांमागे एक. साठाचे बहात्तर होतात, बहात्तराचे शहाऐंशी, आणि अशा दहा ओळी वाढल्या की सुमारे तीनशे सत्तर. विणून झाल्यावर त्यांनी त्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने रेषा शिवून दाखवल्या. घडी घालून सरळ करता येणाऱ्या, एकाच बिंदूतून निघालेल्या आणि पहिल्या रेषेला न भेटणाऱ्या. ज्या भूमितीची इतकी वर्षं नुसती कल्पना करावी लागायची ती विद्यार्थ्यांच्या हातात आली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या कलेला आपण रुखवतातल्या रुमालांपुरती समजत आलो, तिनं हे करून दाखवलं.

पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी याच झालरींतून लोकरीचं प्रवाळ विणायला घेतलं, आणि देशोदेशीच्या हजारो विणकरणी त्यात सामील झाल्या. समुद्रातल्या अनेक प्रवाळांचा आकार असाच झालरीचा असतो. थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो.

बटव्याकडे परत येते, कारण माझी दुसरी अडचण दोऱ्याची होती. माझे खांब कधी घट्ट, कधी सैल. आत्याने माझा डावा हात धरला, दोरा करंगळीला एक पुरा वेढा देऊन तर्जनीवर घेतला आणि म्हणाली, "आता ओढ." दोरा एकसारखा यायला लागला. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी दोर खुंटाला दोन वेढे देतो आणि एका हाताने लाँच धरून ठेवतो, तेच इथे. वेढ्यावरचं घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र दिलं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ताण साडेसहा पट होतो आणि दोन वेढ्यांनी तब्बल त्रेचाळीस पट. म्हणून करंगळीला दोन वेढे घेतले तर दोरा हलतच नाही. एक वेढा, आणि बोट किती आवळायचं ते हातानेच शिकायचं.

टाके टिकतात तेही याच घर्षणावर. क्रोशात सुरुवातीची सरकती गाठ आणि शेवटची सोडली तर मध्ये गाठ कुठेच नाही, फासातून काढलेला फास एवढंच. म्हणून सुई निघाली आणि टोक ओढलं की तासाभराचं काम मिनिटात उसवतं. आणि म्हणूनच बटवा ताणला जातो. सुती दोरा स्वतः फारसा लांबत नाही, फासांची वळणं सरळ होतात. भरला की फुगतो, रिकामा केला की बराचसा पूर्ववत होतो.

दोरा घेताना आत्याने चकाकणाराच निवडायला लावला. ती चकाकी वरून लावलेली नसते. इंग्लंडच्या जॉन मर्सरने कापूस कॉस्टिक सोड्यात बुडवला की तंतू फुगतात हे पाहून १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लोने तीच प्रक्रिया दोरा ताणून धरून केली. कापसाचा चपटा, पीळदार तंतू त्याने गोल आणि गुळगुळीत होतो, प्रकाश एकसारखा परततो. रंगही जास्त धरतो.

शेवटून दुसऱ्या फेरीत दोन खांब घालायचे, एक साखळी, खालचं एक घर सोडायचं, पुन्हा दोन खांब. साठ खांबांत अशी वीस भोकं येतात. त्यातून एक गोंड्याची दोरी आतबाहेर ओवायची आणि दुसरी तशीच समोरच्या बाजूने. दोन्हीकडे ओढलं की तोंड मिटतं, आणि दोरी प्रत्येक भोकाशी वळत असल्यामुळे तिथलं घर्षणही करंगळीवरच्या वेढ्यासारखं गुणत जातं. गाठ न मारताही बटवा मिटलेला राहतो. पहिल्या बटव्यात मी तिळगुळाच्या पाच वड्या घातल्या, ओढून मिटला आणि आत्याच्या हातात ठेवला. तिने आधी तळ टेबलावर टेकवून पाहिला.