शास्त्राभ्यास (ख्रिस्ती धर्म)

बायबलचे श्रद्धेने केलेले वाचन, मनन व अर्थशोधन. मराठी ख्रिस्ती मंडळींत बायबलला ‘पवित्र शास्त्र’ म्हणण्याचा प्रघात आहे. रविवारची उपासना, मुलांची शब्बाथशाळा, घरोघरच्या प्रार्थनासभा आणि सकाळचे एकट्याने केलेले वाचन अशा अनेक प्रसंगी हा अभ्यास चालतो. तो केवळ पाळकांचे किंवा धर्मगुरूंचे काम मानला जात नाही.

याला आधार बायबलमध्येच आहे. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचे (देवाने दिलेल्या आज्ञांचे) रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. बिरुया या गावच्या लोकांनी प्रेषित पौल याचे बोलणे उत्सुकतेने ऐकले, पण ते खरे आहे की नाही हे ते रोज शास्त्र उघडून पडताळत राहिले; ‘प्रेषितांची कृत्ये’ (१७·११) त्याबद्दल त्यांना नावे ठेवत नाही, उलट वाखाणते. प्रत्यक्ष प्रेषिताचीही परीक्षा घ्यावी, ही मुभा वक्तृत्वाला भुलणाऱ्या कोणत्याही काळातील श्रोत्यांना उपयोगी पडावी अशी आहे.

अभ्यासाने काय हाती लागते, हे लूककृत शुभवर्तमानातील (अध्याय १०) येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या (शोमरोन प्रांतातील माणसाच्या) दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, दिसते. वरवर वाचला तर तो वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करण्याचा साधा उपदेश वाटतो. परंतु यहुदी आणि शोमरोनी यांच्यात जुने हाडवैर होते. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहुद्यांचा प्रमुख याजक योहान हिर्कानस याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केले होते. हे ठाऊक असले की याजक आणि लेवी (मंदिरसेवक) बाजूने निघून जातात व शोमरोनी थांबतो, यातला डंख जाणवतो. त्यापुढे ‘२ इतिहास’ (२८·१५) उघडावे : तेथेही काही जण शोमरोनात आणलेल्या यहुदी बंदिवानांना कपडे व अन्नपाणी देतात, तेल लावतात आणि अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोला पोचवतात. दाखल्याचे बरेचसे तपशील जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) असे आधीच येऊन गेलेले आहेत. गंमत म्हणजे दाखला ज्याला सांगितला, तो शास्त्रीच होता. ‘नियमशास्त्रात काय लिहिले आहे?’ या प्रश्नाला ‘देवावर व शेजाऱ्यावर प्रीती कर’ असे अचूक उत्तर त्याने दिले. येशूने त्याला एवढेच सांगितले, की तसे कर. पाठांतर आणि आचरण यांतले हे अंतर याकोबाच्या पत्रातही बजावले आहे.

‘शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान’ हे संत जेरोम यांचे वचन प्रसिद्ध आहे. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुझियन (एकांतवासी ख्रिस्ती संघातील) मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या; मठांतील वाचनाची परंपरा त्यामुळे सुटसुटीत झाली. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा जर्मन नवा करार (बायबलचा दुसरा भाग) १५२२ मध्ये आला. कॅथलिक पंथात मात्र १५६४ च्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी परवानगी लागे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचन करण्याचे आवाहन केले.

मराठीत मिशनरी विल्यम केरी यांच्या पुढाकाराने श्रीरामपूर (बंगाल) येथे नवा करार १८११ मध्ये छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, तेही साध्या बायाबापड्यांना वाचून कळावे या हेतूने. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची छपाई केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातच, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.