लॅपटॉप असताना टॅबलेट कशाला : एका प्रश्नामागचा इतिहास

घरात चालता लॅपटॉप असताना टॅबलेटही घ्यावा का, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या ग्राहकाला अगदी खासगी वाटतो. हाताशी पैसे किती, प्रवास किती, मुलांचा अभ्यास कोणता, एवढ्यावर उत्तर निघेल असे तो धरून चालतो. पण हा प्रश्न आज ज्या रूपात समोर येतो ते रूप २०१० साली घडले आणि ते घडवताना ग्राहकाच्या गरजेइतकीच विकणाऱ्याची सोयही पाहिली गेली, असे मानायला पुरेशी जागा आहे.

त्याआधी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, ही समजूत रुजलेली नव्हती. १९७२ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने मुलांसाठी कल्पिलेल्या वहीएवढ्या संगणकाचे रेखाटन प्रसिद्ध केले, त्यात पडद्याखाली कीबोर्डही होता. पुढे लेखणीने चालणारी काही यंत्रे येऊन गेली. नोव्हेंबर २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘टॅबलेट पीसी’ नावाची आवृत्ती बाजारात आली. ती चालवणारी अनेक यंत्रे म्हणजे पडदा फिरवून कीबोर्डवर आडवा झोपवता येणारे लॅपटॉपच होते. म्हणजे त्या काळी ‘टॅबलेट’ हा शब्द लॅपटॉपच्या एका जातीचे नाव होता. ती यंत्रे जड होती, महाग होती आणि सामान्य घरांत पोहोचली नाहीत.

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अॅपल कंपनीचा आयपॅड दाखवला गेला, तेव्हा मांडणी अशी होती की एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, आणि मधल्या जागेत तिसऱ्या वस्तूला वाव आहे का? मधली जागा त्या वेळी स्वस्त, छोट्या पडद्याच्या नेटबुकांनी व्यापलेली होती; ती कोणतेच काम धड करत नाहीत, असे म्हणून त्यांना व्यासपीठावरूनच बाजूला सारण्यात आले. ४९९ डॉलरपासून सुरू होणारी ही वस्तू भारतात अधिकृतपणे जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून मिळू लागली, आणि दोनच महिन्यांत अमेरिकेत तिची दुसरी आवृत्ती निघाली.

त्या वेळचा खरा निर्णय यंत्राच्या आकाराचा नव्हता. या यंत्रात लॅपटॉपची कार्यप्रणाली न घालता फोनची घालायची, हा तो निर्णय होता, आणि वाद आजही त्याच्याभोवती फिरतो. त्याच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे खोटी नाहीत. बोटाने चालवायच्या यंत्रावर माउससाठी बेतलेली बारीक बटणे निरुपयोगी ठरतात. फोनची प्रणाली बॅटरी कमी खाते, अॅप एकाच दुकानातून येत असल्याने व्हायरसची धास्ती कमी राहते, आणि संगणकाला कधी हात न लावलेल्या आजीलाही यंत्र पाच मिनिटांत वापरता येते. यातले शेवटचे कारण अनेक मराठी घरांनी स्वतः पडताळून पाहिलेले आहे.

तरीही या निर्णयानंतर काय काय किती उशिरा आले, याचा हिशेब मांडला की केवळ तांत्रिक कारणे पुरी पडत नाहीत. फाइली एका जागी पाहण्याची सोय आयपॅडवर २०१७ मध्ये आली. पेन ड्राइव्ह जोडून त्यातली फाइल उघडता येणे २०१९ मध्ये शक्य झाले, माउस आणि ट्रॅकपॅडला रीतसर मान्यता मार्च २०२० मध्ये मिळाली, आणि साधा कॅलक्युलेटर, जो दहा रुपयांची भाजी विकणाऱ्याच्या फोनवरही असतो, तो कंपनीने स्वतः द्यायला २०२४ साल उजाडले. मागेपुढे सरकवता येणाऱ्या, हव्या तशा लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या तर २०२५ मध्ये आल्या. एका यंत्रावर घरातल्या चौघांची वेगळी खाती काढणे, जे अँड्रॉइड टॅबलेटवर २०१२ पासून शक्य आहे, ते आयपॅडवर शाळा आणि कंपन्यांपुरते मिळाले. घरांसाठी अद्याप नाही. लॅपटॉप घरात एक असला तरी चालतो आणि टॅबलेट मात्र माणशी एक लागतो, हा फरक असा आपोआप तयार झालेला नाही.

यंत्राच्या ताकदीचा प्रश्नही २०२१ मध्ये निकालात निघाला. त्या वर्षीच्या आयपॅड प्रोमध्ये त्याच कंपनीच्या लॅपटॉपमधली एम१ चिप बसवली गेली. पुढे २०२४ मध्ये तर एम४ चिप लॅपटॉपच्या आधी टॅबलेटला मिळाली. १३ इंची आयपॅड प्रोची भारतातली किंमत तेव्हा १,२९,९०० रुपयांपासून सुरू होत होती आणि त्याचा कीबोर्ड वेगळा घ्यायचा तर आणखी तीस हजारांहून जास्त मोजावे लागत. त्याच कंपनीचा तेव्हाचा नवा, १३ इंची हलका लॅपटॉप १,१४,९०० रुपयांपासून मिळत होता. कीबोर्ड जोडलेल्या टॅबलेटचे वजनही लॅपटॉपइतकेच, सव्वा किलोच्या आसपास, भरत असे. चिप त्याच जातीची, वजन तेच आणि किंमत जास्त, तरी लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाही, ही स्थिती समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

कंपनीची भूमिका या काळात सरळ राहिली असेही म्हणता येत नाही. २०१२ मध्ये तिच्या प्रमुखांनी दोन्ही यंत्रे एक करण्याच्या कल्पनेची तुलना टोस्टर आणि फ्रिज जोडण्याशी केली होती. २०१५ मध्ये कीबोर्ड आणि लेखणीसह मोठा आयपॅड प्रो आला, तेव्हा आता पीसी कोणी का घ्यावा, असा प्रश्न त्याच प्रमुखांनी विचारला. २०१८ च्या वार्षिक संमेलनात दोन प्रणाली एकत्र करणार का, या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘नाही’ असे झळकवण्यात आले. वर्षभराने आयपॅड लॅपटॉपचा दुसरा पडदा म्हणून वापरण्याची सोय आली. ती उपयुक्त आहेच, पण तिचा लाभ दोन्ही यंत्रे विकत घेतलेल्यालाच होतो.

उलट वाटेने जाणाऱ्यांची कथा थोडक्यात सांगता येते. विंडोजवाल्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आणला. त्याच्या स्वस्त आवृत्तीत जुने विंडोज सॉफ्टवेअर चालत नसे, लोकांची फसगत झाली आणि २०१३ मध्ये कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा खर्ची टाकावा लागला. २०१४ मधला सरफेस प्रो ३ मात्र ‘लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट’ म्हणूनच विकला गेला, आणि ‘टू-इन-वन’ हा प्रकार त्यानंतर दुकानांत स्थिरावला. मांडीवर ठेवला की त्याची मागची टेकणी घसरते, ही तक्रार वापरणाऱ्यांकडून आजही ऐकू येते.

भारतात प्रश्न आधी वेगळाच होता : दोन्ही नव्हे, निदान एक तरी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण झाले. विद्यार्थ्यांना तो सुमारे ३५ डॉलरमध्ये मिळायचा होता. त्याचा सात इंची पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि स्मृती (रॅम) होती अवघी २५६ एमबी. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात निवडणुकीचे आश्वासन देण्यात आले, दहावी उत्तीर्णांना टॅबलेट आणि बारावी उत्तीर्णांना लॅपटॉप. धाकट्याला टॅब आणि मोठ्याला लॅपटॉप, ही उतरंड सरकारी भाषेत तिथेच लिहिली गेली. महाराष्ट्रात पुढे इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीकरिता मोफत टॅबलेट दिले, तर गावपातळीवर सातबाराचे काम करणाऱ्या तलाठ्याच्या हाती लॅपटॉपच आला.

तलाठ्याला लॅपटॉप मिळण्यामागे कारण आहे. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन चालवायला लागणारे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठी बनतात. ई-निविदा भरणारा कंत्राटदार आणि विवरणपत्रे भरणारा सीए यांचीही तीच गत. टॅली विंडोजवरच बसते. मराठी मुद्रणव्यवसायात तर युनिकोड ही सर्व यंत्रांना समजणारी अक्षरसंहिता येण्यापूर्वीच्या फाँटमधल्या फाइली आजही फिरत असतात. अशा फाँटमध्ये टाइप केलेले प्रूफ टॅबलेटवर उघडले, की पहिल्या ओळीपासून देवनागरीऐवजी रोमन अक्षरे, टोप्या आणि टिंबे यांची खिचडी दिसते, आणि त्यावर लेखणीने खुणा करण्याची सगळी हौस तिथेच थांबते. तीच फाइल पीडीएफ करून पाठवली, तर मात्र खुणा करायला टॅबलेटइतके सोयीचे दुसरे काही नाही. दोन्ही यंत्रे बाळगणाऱ्या मुद्रितशोधकांना चैनी म्हणण्याआधी हे पाहायला हवे.

मार्च २०२० नंतर घरांत ‘दोन्ही’चा विचार खऱ्या अर्थाने शिरला. सकाळी दहाची मीटिंग आणि चौथीचा गणिताचा तास एकाच वेळी सुरू झाले की लॅपटॉप मीटिंगला जाई. मुलाच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी आईचा फोन येई आणि जिथे जमले तिथे टॅबलेट विकत घेतला गेला. शाळा उघडल्यावर त्यांतले अनेक टॅब कार्टूनपुरते उरले.

हे सारे होत असताना कायद्याच्या लेखी मात्र दोन वस्तूंमधली रेघ पुसटच राहिली. जकातीच्या वर्गवारीत दहा किलोपर्यंत वजनाचे, प्रक्रियक (प्रोसेसर), कीबोर्ड आणि पडदा असलेले सुटसुटीत संगणक हा एकच उपगट आहे आणि काचेवर उमटणाऱ्या कीबोर्डासह टॅबलेटही त्यातच मोडतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने परवान्याशिवाय आयात रोखणारा आदेश अचानक काढला, तेव्हा त्यात लॅपटॉप आणि टॅबलेट शेजारी शेजारी होते. कुरियरने वा टपालाने परदेशातून मागवणाऱ्याला सूट दिली ती लॅपटॉप, टॅबलेट किंवा त्याच यादीतल्या इतर संगणकांपैकी एका नगाला. दुसऱ्याच दिवशी त्या आदेशाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून आयातीची मंजुरी ऑनलाइन घेण्याची पद्धत आली.